रात्री तीनला बनियन भिजतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

पत्र बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे, वय ५७, गावात किराणा दुकान. मोठं होतं म्हणून थोडक्यात देते:

"अक्का, नमस्कार. शिमग्याच्या आधी दुकानात बसलो असताना एकाएकी घामाने चिंब झालो, छातीत फार दुखलं नाही, नुसतं जड जड वाटलं. बेळगावला नेलं तर अटॅक निघाला, एक स्टेंट घातला. आता चार महिने झाले. छातीचा काही त्रास नाही, पण गेले अडीच महिने घाम सुटतोय तो थांबेना. रात्री तीनच्या सुमाराला बनियन, चादर, उशी सगळं ओलं. बाहेर धो धो पाऊस, घरातले घोंगडी घेऊन झोपलेत आणि मी फॅन लावून बसतोय. दिवसाही गिऱ्हाईकासमोर कपाळावरून धारा लागतात. इको, ईसीजी, रक्त सगळं केलं, नॉर्मल म्हणाले, वीकनेस आहे म्हणाले. पहिल्या वेळी घामानेच सुरुवात झाली होती, त्यामुळे दरवेळी वाटतं आलाच परत. बायको रात्रभर जागी. एकादशीच्या भजनाला जायचं सोडलं, शर्ट पाठीला चिकटतो, लाज वाटते. कोणी म्हणतं रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी होतंय, थोडे दिवस बंद करून बघ. करू का? शुगर दहा वर्षांची आहे, गोळीवर कंट्रोलमध्ये आहे. टेन्शनची एक गोळी मध्यंतरी चालू केलीय. तंबाखू अटॅकच्या दिवसापासून बंद."

भाऊ, पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं, कारण त्याला उशीर नको. नाही, बंद करायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या तुमच्या स्टेंटमध्ये, म्हणजे हार्टच्या नसेत बसवलेल्या जाळीत, रक्ताची गाठ होऊ देत नाहीत, अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही चालतात, आणि चार महिन्यांत स्वतःच्या मनाने बंद केल्या तर तो स्टेंट बुजू शकतो, म्हणजे घामाच्या मागे लागून अटॅक परत घरी आणायचा. ज्यांनी सांगितलं त्यांनी प्रेमाने सांगितलं असेल, पण रक्त पातळ होण्याचा आणि घामाचा तसा काही संबंध नाही. घाम येतो म्हणून त्या गोळ्या कुणी बंद करत नाही.

मी डॉक्टर नाही हे माहितच आहे तुम्हाला. बत्तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच हार्टच्या वॉर्डात, आणि रात्रपाळीला तीन वाजता भिजलेल्या माणसाचं अंग पुसणं, चादर बदलणं, घाबरलेल्या बायकोला बाहेरच्या बाकावरून आत बोलावणं हे इतक्या वेळा केलंय की तुमचं पत्र वाचताना तो वॉर्ड डोळ्यांसमोर आला. म्हणून जे बघितलंय आणि जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते.

"रिपोर्ट नॉर्मल" हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिलाय. ते रिपोर्ट कधी काढले? सकाळी दहाला, लॅब उघडल्यावर. आणि घाम कधी येतो? रात्री तीनला. म्हणजे ज्या वेळी शरीरात काहीतरी होतंय त्या वेळी कुणी सुई टोचलेलीच नाही, मग कारण सापडणार कसं.

माझा पहिला संशय शुगर उतरण्यावर आहे. का ते नीट ऐका. अटॅकनंतर तुम्ही खाणं कमी केलं असणार, सगळेच करतात, भीतीने. तूप बंद, भात अर्धा, संध्याकाळी सातला एक भाकरी आणि पातळ आमटी की झालं जेवण. वजन उतरलं असेल चार-पाच किलो. पण शुगरची गोळी? ती अटॅकच्या आधीची तीच, त्याच डोसची, नाही का? त्या पाकिटावर बघा, ग्लिमेपिराइड असं नाव असेल तर ती गोळी तुम्ही जेवा न जेवा शुगर खाली ओढत राहते. आधी दोन भाकऱ्या आणि भात खाणाऱ्या माणसाला बसवलेला डोस आता एका भाकरीवर पडतोय, मग सातचं जेवण आणि रात्रीचे तीन, मध्ये आठ तास, त्यात शुगर ७० च्या खाली गेली तर शरीर जे करतं त्यातली पहिली गोष्ट घाम.

आणि इथे एक गोष्ट आहे जी घरच्या लोकांना कुणी सांगत नाही. तुम्हाला अटॅकनंतर मेटोप्रोलॉल किंवा तसलीच कुठलीतरी हार्टचे ठोके आवरणारी गोळी दिली असणार. फार चांगली गोळी आहे, ती ठेवायचीच. पण शुगर उतरली की एरवी जी छाती धडधडते, हात थरथरतात, ते ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र ती झाकत नाही, घामाच्या नसा वेगळ्या रसायनावर चालतात. त्यामुळे ज्याला शुगर पण आहे आणि ही गोळी पण चालू आहे त्याला शुगर उतरल्याची खूण म्हणून कधी कधी फक्त घामच उरतो, बाकी काही कळत नाही, उठतो तेव्हा डोकं जड, चिडचिड, बस. वॉर्डात एकदा असेच एक काका, रोज पहाटे भिजायचे, दिवसा सगळं नॉर्मल, एका रात्री मी बोटाला टोचून बघितलं तर ४८. डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीचा डोस बदलला, आठवड्यात काका कोरडे.

तुमचंही तेच आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण तपासायला फार सोपं आहे. ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाला टोचून घरीच शुगर बघायचं मशीन घ्या, महाग नाही. तीन-चार रात्री, घाम आला की आधी टॉवेल नाही, आधी बोट. हात कोरडे पुसून मगच टोचायचं, नाहीतर घामाने आकडा चुकतो. घाम नाही आला तरी एक-दोन रात्री तीनला अलार्म लावून बघा, म्हणजे ताडून बघता येईल. ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढीच साखर, आणि वर आल्यावर थोडं दूध-बिस्कीट किंवा अर्धी भाकरी. कुंद्यासारखी खव्याची मिठाई घरात असेल तर तीच पटकन तोंडात टाकली असं करू नका हं, खव्यातलं तूप साखर रक्तात चढायला वेळ लावतं, साधं साखरेचं पाणीच बरं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना फोन, रात्री इतकं उतरलं म्हणून. डोस त्यांनी बदलायचा, तुम्ही नाही.

शुगर चांगली निघाली, म्हणजे घाम येतोय तेव्हा ११०-१४० आहे, तर दुसरा संशय त्या टेन्शनच्या गोळीवर. तुम्ही "मध्यंतरी" लिहिलंय, तारीख नाही लिहिली. ती तारीख शोधा! चिठ्ठी बघा, मेडिकलवाल्याला विचारा. घाम अडीच महिन्यांपूर्वी सुरू झाला आणि गोळीही त्याच सुमाराची निघाली तर धागा सापडलाच म्हणा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या नावांच्या गोळ्यांनी घाम वाढतो, रात्रीचा पण आणि दिवसाचा पण, आणि हा काही क्वचित होणारा त्रास नाही, बऱ्याच जणांना होतो. पण तीही एकदम सोडायची नाही, चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात नाहीतर दुसरी देतात. आणि अटॅकनंतर मनाचा त्रास खराच असतो, त्याची गोळी घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त ती घामाशी जुळते का एवढंच बघायचं.

तंबाखूचं म्हणाल तर सोडल्यावर पहिले काही आठवडे घाम, चिडचिड, झोप नाही हे सगळं होतं, पण चार महिने उलटून गेल्यावर तिच्यावर आळ घालता येणार नाही. सोडलीत हे फार मोठं काम केलंत तुम्ही. दुकानात चुन्याची डबी आणि पुड्या समोर ठेवून सोडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

बाकीचं थोडक्यात. थायरॉईड वाढला तरी घाम सुटतो, टीएसएच नावाची साधी टेस्ट आहे, तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात ती आहे का बघा, बहुतेक नसेल, सांगितल्याशिवाय करत नाहीत. संध्याकाळी कणकण, खोकला, भूक मेलेली आणि रात्री घाम असं एकत्र असेल तर टीबीची तपासणी करून घ्या, लाजायचं नाही, शुगरवाल्यांना टीबी लवकर धरतो. वहिनींना विचारा तुम्ही मोठ्याने घोरता का आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकून उठता का, त्याचाही रात्रीच्या घामाशी संबंध असतो. आणि हार्ट कमजोर पडलं तर घामाबरोबर पायाला सूज, आडवं झालं की दम, दोन उश्या लागणं, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढणं असं होतं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, चांगली आलीय म्हणता, त्यामुळे ही काळजी कमी. छातीत मध्येच ठोका चुकल्यासारखं होत असेल तर चोवीस तास अंगावर लावायचं मशीन असतं, होल्टर म्हणतात, त्याबद्दल विचारा, साधा ईसीजी काही सेकंदांचाच असतो.

आता भीतीचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण पत्रात तुम्ही दोन ओळीत उरकलंय पण तेच खरं पत्र आहे.

तुमचा पहिला अटॅक घामानेच आला, दुखलं फार नाही. शुगरवाल्या माणसाचं बऱ्याचदा असंच होतं, नसा बधिर झालेल्या असतात, छातीत कळ येतच नाही किंवा अगदी थोडी येते. म्हणून "अहो घाम काय, सोडून द्या" असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही, तुमच्या शरीराने एकदा घामानेच हाक मारलीय. पण दोन घाम वेगळे असतात आणि वेगळे ओळखता येतात. अटॅकचा घाम एकदम सुटतो, अंग थंडगार आणि चिकट, चेहरा पांढराफटक, आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं, छाती जड, दम, मळमळ, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, डोळ्यांसमोर अंधारी, नाहीतर नुसतं "काहीतरी फार वाईट होतंय" असं आतून वाटणं. तुमचा हा रोजचा घाम, पत्रावरून तरी, गरम अंगाचा आहे, फॅन लावला की बरं वाटतं, उठून पाणी पिता, चादर बदलता, परत झोपता. अडीच महिने रोज येऊन गेलाय.

तरी नियम एकच ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. थंड चिकट घाम आणि बरोबर वरचं काहीही एक, की बसायचं, १०८ ला फोन लावायचा, डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची, उभ्याने नाही, बीपी पडतं. सकाळ होऊ दे, मुलगा येऊ दे, वडाप मिळते का बघू, असलं काही नाही, आणि स्वतः गाडीवर बसून तर मुळीच निघायचं नाही. बोटाला टोचून बघितलं आणि शुगर चांगली आहे पण अंग थंडगार पडतंय, तरी पण १०८. चुकून उगाच गेलात तर गेलात, कोणी हसणार नाही, वॉर्डात आम्ही अशा उगाच आलेल्या माणसाला घरी सोडताना सगळ्यात खूश असायचो. आपल्या कर्नाटकात कन्नड नट पुनीत राजकुमारांच्या नावाने हृदयज्योती योजना आहे, ते २०२१ मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी हार्टनेच गेले, त्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून मोठ्या डॉक्टरांना पाठवून वाचून घेतात आणि गरज पडली तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन फुकट देतात. तुमच्या जवळच्या दवाखान्यात ती सोय कुठे आहे ते आत्ताच, बरं असताना विचारून ठेवा, रात्री दोनला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

हा नियम पक्का झाला की रोजच्या घामाला घाबरायचं कारण निम्मं कमी होतं. घाम सुटला, छाती ठीक? दम नाही? अंग गरम? बोट टोचलं, शुगर ठीक? मग तो घाम त्रासाचा आहे, धोक्याचा नाही. पहिले पंधरा दिवस मन मानणार नाही, छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसाल. आणि घाबरलं की घाम अजून सुटतो, घाम सुटला की अजून भीती, असं ते रहाटगाडगं फिरतं. अशा वेळी उठून खुर्चीवर बसा, नाकाने श्वास घ्या आणि तोंडाने घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा, दहा-बारा वेळा, हरिपाठातला एखादा अभंग पाठ असेल तर तो म्हणत म्हणत सोडा. वारकऱ्याला हे शिकवायला नको.

वहिनींची झोप हा वेगळा विषय आहे आणि तो तुम्ही हाताबाहेर जाऊ देऊ नका. अडीच महिने रात्री जागणारी बाई स्वतः आजारी पडते, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बघितलंय. त्यांना वरचे चार प्रश्न शिकवा, मशीन वापरायला शिकवा, आणि मग झोपायला सांगा. काही झालं तर तुम्ही उठवाल हा शब्द द्या आणि पाळा, त्यांची झोप मोडायला नको म्हणून एकट्याने सहन करायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. शंभर पानी वही घ्या, दुकानातलीच, आणि पंधरा दिवस लिहा: किती वाजता घाम, अंग गरम की थंड, शुगर किती, आधी काय खाल्लं आणि कधी, कुठली गोळी किती वाजता. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची, त्यात आयुर्वेदिक चूर्ण, कुणी दिलेला काढा सगळं आलं. डिस्चार्जचा कागद न्यायचा. बेळगावात बहुतेक डॉक्टरांना मराठी कळतं, पण ओपीडीत नवीन सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर कन्नडच बोलणारे असले की आपली माणसं गप्प बसतात आणि घामाचं सांगायचं राहूनच जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एवढं पाठ करा, "रात्री भाळ बेवर बरतैति", रात्री फार घाम येतो, लगेच समजतं. आणि वही पुढे करा, आकडे सगळ्यांना वाचता येतात.

तोपर्यंत घरात काय करायचं ते सांगते. नायलॉनची चादर, रेक्झिनचा कव्हर असलेली गादी काढा, जुनं मऊ धोतर किंवा सुती लुगडं दुहेरी अंथरा, उशाशी एक कोरडं बनियन आणि टॉवेल ठेवा म्हणजे अंधारात शोधाशोध नको. रात्री संकेश्वरी मिरचीचं झणझणीत कालवण आणि कडक चहा नको, तिखटाने आणि चहाने घाम वाढतोच, दुपारी थोडं चालेल. कपाळावरच्या धारा जेवताना जास्त येतात का बघा, जुन्या शुगरमध्ये नसांच्या त्रासामुळे खाता खाता डोक्याला-तोंडाला घाम सुटतो, ते पण वहीत लिहा. घामाने मीठ जातं म्हणून मिठाचं पाणी, ओआरएस मनाने पिऊ नका, अटॅकनंतर मीठ किती आणि पाणी किती हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. जांघेत, काखेत ओल राहून खाज सुटली तर मेडिकलमधून दिसेल ते मलम लावू नका, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी नायटा आणखी चिघळतो. काखेला रात्री कोरड्या कातडीवर ॲल्युमिनियम क्लोराइडचं रोल-ऑन लावता येतं, त्याचा हार्टशी काही संबंध नाही. पण घाम बंद करायच्या गोळ्या मिळतात त्या मात्र विचारल्याशिवाय अजिबात नको, त्यांनी हार्टचे ठोके वाढतात.

आणि भजनाला जा. येत्या एकादशीलाच जा. आत सुती बनियन, वर पांढरा अर्ध्या हाताचा सैल शर्ट, पांढऱ्यावर ओल तेवढी दिसत नाही, खांद्यावर पंचा. आपल्याकडे देवळात कुणाच्या खांद्यावर पंचा नसतो? टाळ वाजवणारा प्रत्येक माणूस तासाभराने भिजलेला असतो, तुमचं पाठीला चिकटलेलं कापड बघायला कुणाला वेळ आहे. दाराजवळ बसा, वारं लागेल, आणि नको वाटलं की उठून येता येईल. शेजारी बसणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा, मला असा घाम येतो, घाबरू नका, पण मी छातीला हात लावला तर फोन करा.

कधी कधी सगळं तपासूनही कारण सापडत नाही हेही खरं आहे. अटॅकनंतर शरीराचा तो सावध राहण्याचा काटा वर चढून बसतो आणि हळूहळू खाली येतो, रोज सपाट रस्त्यावर चालायला लागलं की लवकर येतो, डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय ना, मग पावसाची उघडीप बघून सकाळी वीस मिनिटं चाला, बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगाने. पण कारण सापडत नाही हे म्हणायची वेळ अजून आलेली नाही तुमची, रात्री तीनचा आकडा अजून कुणी बघितलेलाच नाही.

पंधरा दिवसांनी वहीच्या पानांचा फोटो पाठवा. आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडली की झाकण लगेच घट्ट लावायला वहिनींना सांगा, तुमच्या खानापूरकडच्या पावसात त्या पट्ट्या दमट होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात.